मॉरिशस: किनाऱ्याकडे पाठ करून एक दिवस डोंगरात

डोंगरवाट

मॉरिशसला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी एकच आग्रह करते. मुक्कामातला एक अख्खा दिवस समुद्राकडे पाठ करा आणि नैर्ऋत्येच्या डोंगरात जा, तेही तिथल्याच भागातला गाइड घेऊन. या फोरमवर मॉरिशसचे धागे आहेत, पण वॉटर स्पोर्ट्स आणि हॉटेलांच्या पुढे गाडी फारशी सरकत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बेट तसं लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. सगळं ज्वालामुखीतून वर आलेलं. मधे पठार आणि भोवती जुन्या ज्वालामुखीच्या काठाचे तुटून उरलेले सुळके. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. आकडा ऐकून हसू नका. हे डोंगर पार समुद्रसपाटीवरून, उसाच्या शेतातून एकदम उभे राहतात, त्यामुळे डोळ्यांत भरतात.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला राहिलो होतो. तिथून क्युरपिपचं त्रू ओ सेर्फ, मग गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, शामारेल आणि शेवटी ल मॉर्न असा दिवस आखला. सहलीच्या जाहिरातींत यात अजून पाच-सहा ठिकाणं कोंबलेली असतात. आमच्या गाइडकाकांनी फोनवरच सांगितलं, "इतकं बघायचं असेल तर दुसऱ्या कुणाबरोबर जा." तिथेच त्यांना पक्कं केलं.

त्रू ओ सेर्फ म्हणजे निद्रिस्त ज्वालामुखीचं विवर. काठावर गाडी जाते, आत दाट झाडी दिसते. ६०५ मीटर उंची आहे आणि सकाळी लवकर पोचलं तर भोवतालचे सुळके एकेक करून ओळखता येतात. अर्धा तास पुष्कळ झाला.

गंगा तलावाला मात्र घाई करू नका. हेही विवरातच साचलेलं तळं आहे. १८९७-९८ च्या सुमारास बेटावरच्या हिंदूंनी इथे महाशिवरात्रीला यायला सुरुवात केली आणि १९७२ मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल यात मिसळलं. वाटेवर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे, समोर तेवढीच उंच दुर्गा. बहुतेक गाड्या तिथे थांबून फोटो काढतात, तळ्याला वळसा घालतात आणि निघतात. काकांनी आम्हाला पाण्याकाठच्या पायऱ्यांवर बसवलं. शेजारी एक कुटुंब पूजा करत होतं. आजी फ्रेंच वळणाच्या क्रेओलमध्ये नातवाला काहीतरी दटावत होत्या आणि लगेच पुढच्या श्वासात संस्कृत मंत्र म्हणत होत्या. पोरगं एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात केळं धरून उभं होतं. ढग इतके खाली होते की पलीकडचं देऊळ दिसत होतं नि नाहीसं होत होतं.

गॉर्जेसच्या व्ह्यूपॉइंटवर सगळे दरीकडे बघत होते, काकांनी आमची नजर पायाजवळच्या झुडपाकडे वळवली. चायनीज पेरू. गडद लाल, मोठ्या बोराएवढी फळं, चवीला आंबटगोड. लोक हौसेने तोडून खातात. पण बाहेरून आलेल्या या झाडाने मूळचं जंगल गिळत आणलंय. डच लोकांनी एबनी, म्हणजे काळ्या लाकडाची झाडं, तोडून नेली, हरणं आणली. नंतर उसाचे मळे पसरले, चहा आला. समोर जो हिरवा डोंगर दिसतो त्यातलं मूळचं किती आणि नंतर आलेलं किती, हे काका एकेका झाडावर बोट ठेवून दाखवत होते. १९९४ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. आत काही तुकड्यांना कुंपण घालून परकी झाडं हाताने उपटतात आणि देशी झाडांना जागा करून देतात. गाइड नसता तर आम्ही "काय हिरवंगार आहे" म्हणून सेल्फी काढला असता आणि पुढे निघालो असतो.

शामारेलला धबधबा (शंभर मीटरच्या आसपास) आणि सात रंगांची माती एकाच आवारात आहेत. बेसॉल्ट (ज्वालामुखीचा काळा खडक) झिजून त्याची माती होताना त्यातलं विरघळणारं सगळं पावसाने वाहून जातं. मागे राहतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं, त्यांचे हे लाल, तपकिरी, जांभळे पट्टे. छान आहे, पण जागा लहान आहे आणि गर्दी फार. रंग बघायचे तर ऊन हवं.

आणि ल मॉर्न. ५५६ मीटरचा एकच कातळ, तिन्ही बाजूंनी समुद्र. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांवरून पळालेले गुलाम याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. लोक सांगतात की ही बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, वरच्यांना वाटलं पकडायला आलेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही आख्यायिका आहे, पण तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकताना ती नुसती गोष्ट राहत नाही. २००८ मध्ये युनेस्कोने ल मॉर्नला जागतिक वारसा यादीत घेतलं. पायथ्याशी गुलामांच्या व्यापारमार्गाचं स्मारक आहे. ज्या ज्या देशांतून माणसं आणली गेली, त्यांच्या आठवणीत कोरलेले दगड तिथे उभे केलेत. समोरच्या बीचवर माणसं सर्फिंग करत असतात आणि या दगडांपाशी कुणीही नसतं. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. माझ्यासाठी अख्ख्या सहलीतली सर्वांत मोठी जागा ही.

पाऊलखुणा

अतिशय सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.

आई-बाबांना घेऊन जायचं आहे, आईचे गुडघे दुखतात. चालणं किती पडतं? आणि उत्तरेला ग्राँ बेला बुकिंग झालंय, तिथून हे जमेल का?

डोंगरवाट

@पाऊलखुणा, चालणं फार नाही. त्रू ओ सेर्फला आणि गॉर्जेसच्या व्ह्यूपॉइंटला गाडी जवळपर्यंत जाते. गंगा तलावाला पाण्यापाशी उतरायला पायऱ्या आहेत, पण काठावरूनही दर्शन होतं. शंकराच्या मोठ्या मूर्तीपाशी तर रस्त्यालगतच उतरता येतं. शामारेलला धबधब्याचा पहिला कट्टा पार्किंगजवळ आहे, वरच्या कट्ट्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात. आईंना खालीच बसवा, दृश्य तेच आहे. देवळांत चपला काढाव्या लागतात आणि फरशी बहुतेक वेळा ओली असते, तेवढं जपा.

ग्राँ बेहून ल मॉर्नपर्यंत एका बाजूला दीड तास तरी धरा, सकाळी राजधानी पोर्ट लुईच्या आसपास वाहतूक तुंबली तर जास्त. शक्य असेल तर मुक्काम दोन भागांत करा आणि पश्चिमेला असताना हा दिवस ठेवा. नाहीच जमलं तर त्रू ओ सेर्फ गाळा.

दर्यावर्दी

लेख आवडला, पण गाइड हवाच हे पटलं नाही. मॉरिशसमध्ये वाहनं डावीकडून चालतात, पाट्या इंग्रजी-फ्रेंचमध्ये असतात, रस्ते चांगले आहेत. आम्ही भाड्याची गाडी घेऊन हाच सगळा भाग फिरलो. बे द्यु कापजवळ माकोंदेचं वळण आहे, रस्ता अगदी समुद्रावर झुकल्यासारखा वळतो, वर पायऱ्यांनी चढून जाता येतं. तिथे मनाला येईल तेवढा वेळ बसलो. गाइड असता तर घड्याळ दाखवलं असतं. माहिती काय, आधी वाचून जाता येतेच की.

डोंगरवाट

@दर्यावर्दी, माकोंदेबद्दल सहमत, ती किनाऱ्याची सडक फार देखणी आहे. चालवायची आवड असेल तर गाडी घ्याच. फक्त डोंगरातल्या रस्त्यावर धुकं उतरतं आणि शामारेलहून खाली येताना वळणं तीव्र आहेत. तिथल्या हिवाळ्यात (जून ते सप्टेंबर) साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो, हे लक्षात ठेवून परतीला निघा.

वाचून जाण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तारखा वाचून कळतात. पण काकांचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले, काकूंकडचे पूर्वज ल मॉर्नच्या बाजूचे क्रेओल, म्हणजे गुलामांचे वंशज. या एका घरात बेटाच्या इतिहासाची दोन टोकं एकत्र आलेली आहेत. गुलामगिरी संपत आली म्हणून मळ्यांना मजूर हवे झाले, आणि म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले. स्मारकापाशी उभं राहून काका म्हणाले, "इथली माणसं सुटली म्हणून आमची माणसं आली." हे मला कुठल्या पाटीवर वाचायला मिळालं नसतं.

मोकावासी

नोकरीनिमित्त मॉरिशसमध्येच राहते, थोडी भर घालते.

गिरमिटियांचं पहिलं जहाज 'अ‍ॅटलस' २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुईला लागलं. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. उतरवून घ्यायची जागा म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. सोळा पायऱ्या चढून लोक वर येत, त्या अजून आहेत. पण कृपा करून डोंगराच्या दिवसातच तो उरकू नका. पोर्ट लुईला वेगळा अर्धा दिवस द्या.

मराठी लोक संख्येने थोडे आहेत, पण ठसठशीत. बरेचसे कोकणातले, मुंबई बंदरातून आलेले. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाक्वाच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती आहे, म्हणजे डोंगरवाट यांच्या मार्गालगतच. कास्कावेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. फ्लिक आँ फ्लाकहून निघालात तर वाकडी वाट करावी लागत नाही. घरात आता क्रेओल बोलतात, पण आरत्या, भजनं मराठीत. गणेशचतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या दिवसांत 'झाकरी' म्हणून जो नाच होतो तो कोकणातला जाखडी. मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती रिंगण. बघताना डोळे भरून येतात.

मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, १९७० चं. गिरमिटियांच्या नोंदी तिथे जपलेल्या आहेत: नाव, गाव, जहाज, आणि नंतरच्या काळातले फोटोसुद्धा. इथली माणसं आपल्या पणजोबांचा कागद शोधायला तिथे येतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये इथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

चांदणवेल

@मोकावासी, सुरेख माहिती! कास्कावेलच्या देवळात कधीही जाता येतं का?

मोकावासी

गाइडला आदल्या दिवशी फोन करून विचारायला सांगा. गावातलं देऊळ आहे, पर्यटनस्थळ नव्हे. कुणी ना कुणी किल्ली घेऊन येतं, आणि तुम्ही महाराष्ट्रातून आलात म्हटल्यावर चहाशिवाय सोडत नाहीत.

गुळपोळी

खाण्याचं सांगा ना कुणीतरी. आम्ही शाकाहारी.

डोंगरवाट

@गुळपोळी, अजिबात हाल नाहीत. रस्त्याकडेच्या टपरीवर 'धोल पुरी' मिळते. हरभऱ्याच्या नव्हे, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण भरलेली पातळ, मऊ, तिखटमिठाची पोळी. नेहमी दोन एकावर एक देतात आणि आत मोठ्या पांढऱ्या बियांची रस्सा-उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि चटणी. चटणी आधी चाखून बघा, जहाल असते. कागदात गुंडाळून हातात देतात, उभ्या उभ्या खायची. डाळीची मिरचीभजी असतात ती 'गातो पिमाँ'. अननस सोलून तिखटमीठ आणि चिंच लावून देतात.

शामारेलला जेवण महाग पडतं आणि पर्यटकांच्या हॉटेलात मांसाहाराचा थाट जास्त. तरी पामच्या गाभ्याचं सॅलड मिळालं तर नक्की खा. पैशांचा हिशेब करताना तिथला रुपया म्हणजे आपले जवळजवळ दोन, हे डोक्यात ठेवा.

सांजवारा

आमचा अनुभव सांगते, कारण इथे बुकिंग करणारे बरेच दिसतात. आम्ही एका कंपनीची मोठ्या बसची 'साउथ टूर' घेतली होती. क्युरपिपच्या बाजूला जहाजांच्या मॉडेलचं दुकान, मग कपड्यांचं, मग दागिन्यांचं. दुपारचे बारा तिथेच वाजले. गंगा तलावाला वीस मिनिटं, ल मॉर्न खिडकीतून. गाइड बोलायला चांगला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. तुमचं वर्णन वाचून चुटपुट लागली.

डोंगरवाट

@सांजवारा, वाईट वाटलं वाचून. म्हणूनच बुकिंगआधी लेखी विचारावं: दुकानं आहेत का, किती? प्रत्येक जागी वेळ किती? शामारेलचं तिकीट धरलंय का? (परदेशी लोकांना दर वेगळा असतो.) जेवण कुठे, की आपण ठरवायचं? गाइड आणि ड्रायव्हर एकच की दोन? गाडी फक्त आपल्यासाठी असेल तर दुकानं सरळ काढून टाकायला सांगता येतं. चार-पाच जण असाल तर माणशी खर्चात मोठ्या बसपेक्षा फार फरक पडत नाही.

रानपाखरू

पक्ष्यांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. डोडो गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मॉरिशस केस्ट्रल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरला होता. अंडी काढून उबवणं, पिल्लं वाढवून सोडणं, घरटी बांधून देणं, हे सगळं करून तो परत शेकड्यांवर आला. गुलाबी कबुतराचीही तीच कहाणी. दोन्ही गॉर्जेसच्या जंगलात आहेत.

पण सहलीच्या थांब्यावर दिसतील अशी आशा नको. तिथे माकडंच भेटतात, तीही बाहेरून आणलेली, हातातली पिशवी ओढतात. त्यांना खायला घालू नका, हीच माकडं पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं फस्त करतात. पक्षी बघायचे तर पहाटे निघून माहितगार माणसाबरोबर वेगळं जा.

पाऊलखुणा

मुलाने व्हिडिओ दाखवलाय, समुद्राच्या आत धबधबा. तो ल मॉर्नलाच ना? या सहलीत बसेल का?

मोकावासी

@पाऊलखुणा, तो जमिनीवरून दिसतच नाही. खरा धबधबाही नाही. लगूनच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याच्या) कडेवरून वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे सरकतो आणि रंगांच्या छटांमुळे वरून बघताना पाणी कोसळतंय असं वाटतं. हेलिकॉप्टरमधूनच दिसतो, आणि ते बरंच खर्चिक आहे. ल मॉर्नच्या बीचवरून "दाखवतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दर्यावर्दी

ल मॉर्न चढून कुणी गेलंय का? पुढच्या वेळी करायचं आहे.

रानपाखरू

@दर्यावर्दी, गेलोय. निम्मी वाट रुंद आणि सोपी, लगूनचा पूर्ण देखावा तिथूनच मिळतो. त्यापुढे उभा कातळ, हातापायांनी चढायचा. वर एक क्रॉस आहे, वाट तिथे संपते, खऱ्या माथ्यावर जात नाही. पाऊस पडून गेला असेल तर वरचा टप्पा सोडून द्या. सकाळी उजाडल्या उजाडल्या सुरू करा, नंतर ऊन भाजून काढतं, सावली नाही. आणि हे त्याच दिवशीच्या सहलीला जोडू नका, स्वतंत्र सकाळ द्या. गाइड असलेला बरा, वाट हरवण्याच्या भीतीने नव्हे, तर माहिती वाचून जाता येते असं तुम्ही म्हणालात त्याच्या उलट कारणासाठी: पळालेले गुलाम कुठे लपायचे, पाणी कुठून आणायचे, हे तो जागेवर दाखवतो.

दर्यावर्दी

हे पटलं. त्या दिवशी गाइड घेईन.

चांदणवेल

सेगा नाच हॉटेलमध्ये दर शनिवारी असतो असं आमच्या पॅकेजमध्ये लिहिलंय. तो खरा का?

डोंगरवाट

हॉटेलातला रंगीत झग्यांचा असतो, करमणूक म्हणून चांगला. पण सेगा गुलामांनी रचलेला, आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो पारंपरिक सेगा. त्याचा जीव रावान या वाद्यात. रुंद, उथळ, बकऱ्याचं कातडं ताणलेलं. ल मॉर्न गावात काकांनी एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात नेलं. त्यांनी आधी वाळलेल्या झावळ्या पेटवल्या, रावान त्या जाळावर फिरवत राहिले, मधून मधून बोटाने टिचकी मारून कान लावायचे. कातडं ताणलं गेल्याचा आवाज आला तेव्हाच मांडीवर घेतली. सोबतीला मारावान, म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या चपट्या पेटीत बिया घातलेला खुळखुळा, आणि एक लोखंडी त्रिकोण. नाचताना पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत, घासत न्यायचे. असं काही मिळेल का ते गाइडला आधी विचारा, आणि वाजवणाऱ्याला योग्य मानधन द्या. फुकटात मागू नका.

गुळपोळी

हवामान? आम्हाला फेब्रुवारी किंवा ऑगस्ट जमतो.

मोकावासी

जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, पाऊसही तेव्हाच जास्त. इशारा आला की सगळं बंद होतं. जून ते सप्टेंबर हिवाळा. किनाऱ्यावर छान, पण क्युरपिप आणि गंगा तलावाला गारठा, वारा आणि भुरभुर. बीचच्या कपड्यांत वर येऊन कुडकुडणारे रोज दिसतात. स्वेटर आणि पावसाळी जॅकेट गाडीत ठेवाच. डोंगरासाठी मी ऑगस्ट निवडीन, आणि सप्टेंबरपर्यंत ताणता आला तर गणपती बऱ्याचदा त्यातच येतात.

सांजवारा

महाशिवरात्रीला मुद्दाम जावं का? सासूबाईंची फार इच्छा आहे.

मोकावासी

जरूर जा, पण सहल म्हणून नाही. आधीचे काही दिवस बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पांढऱ्या कपड्यांत, बांबूच्या सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन चालत येतात. लाखांनी माणसं असतात आणि बेटाची लोकसंख्याच साडेबारा लाखांच्या आसपास. रस्ते वळवलेले असतात, त्यामुळे शामारेल, ल मॉर्न त्या दिवशी विसरा. रस्त्याच्या कडेला घराघरांतून चालणाऱ्यांना पाणी, फळं, जेवण देतात, धर्म विचारत नाहीत. सासूबाईंना फार चालवत नसेल तर मुख्य दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी पहाटे गाडीने न्या. दर्शनही होईल आणि वाटेत कावडीही भेटतील. माझ्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्या ताई दर वर्षी अशा वयस्कर मंडळींना नेतात. व्यक्तिगत निरोप करा, त्यांना विचारून नंबर कळवते.